कारखान्यातील तंटा आणि मनुष्यबळ अधिकाऱ्याचे स्थान : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

अहिल्यानगर जिल्ह्यातील कामाच्या ठिकाणच्या तंट्यांचा विचार करताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे येथील औद्योगिक जीवनाचा फार मोठा भाग साखर कारखान्यांभोवती उभा राहिला आणि या उद्योगात पगाराचा मूळ प्रश्न कारखान्याच्या आवारात सुटत नाही. केंद्र सरकारने १९५७ साली साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले, आणि पुढे महाराष्ट्रात वेतनश्रेणी व महागाई भत्ता यांची बोलणी शासन, कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना या तिघांमध्ये राज्य पातळीवर होत आली. कामगार ज्याला ‘त्रिपक्ष करार’ म्हणतात तो हाच. त्यामुळे एखाद्या कारखान्याच्या फाटकाच्या आत निकालासाठी जे उरते ते वरकरणी किरकोळ दिसते : पाळी कोणाला कोणती लागली, हंगामाच्या सुरुवातीला कोणाला बोलावणे गेले आणि कोणाला नाही, जादा कामाचे तास कोणाच्या नावावर चढले, रजेचा अर्ज कोणी अडवला, मेमो कोणाला मिळाला आणि तशाच चुकीसाठी कोण सुटला. कामगाराच्या मनात अन्यायाची भावना मूळ धरते ती बहुतेक वेळा या निर्णयांमुळे, कारण पगाराच्या आकड्यामागे निदान एक करार असतो, परंतु या निर्णयांमागचे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. मनुष्यबळ अधिकाऱ्याची कसोटी येथेच लागते, आणि तो या कसोटीला उतरतो की नाही हे त्याच्या बोलण्याच्या हातोटीपेक्षा त्याच्या पदाला संस्थेच्या रचनेत किती स्वतंत्र स्थान दिले आहे यावर अधिक अवलंबून असते, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

येथे तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. ‘तक्रार’ म्हणजे एका कामगाराला किंवा थोड्या कामगारांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटणे आणि ते त्यांनी कोणाला तरी सांगणे. ‘औद्योगिक विवाद’ ही कायद्याची संज्ञा असून १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार मालक आणि कामगार यांच्यात नोकरी देणे, न देणे, नोकरीच्या अटी अथवा कामाची परिस्थिती यांविषयी जो मतभेद निर्माण होई त्याला ती लागू होत असे; एकट्या कामगाराची बडतर्फी १९६५ च्या दुरुस्तीपासून या व्याख्येत आली. ‘संघर्ष’ ही या दोहोंपेक्षा व्यापक अशी सामाजिक अवस्था आहे, जिच्यात हितसंबंध, मानापमान आणि परस्परांविषयीचे जुने ग्रह एकत्र गुंतलेले असतात. तक्रार वेळीच ऐकली गेली तर विवाद टळू शकतो. संघर्ष मात्र पूर्णपणे टळत नाही, आणि तो पूर्णपणे टळावा अशी अपेक्षाही रास्त नाही, कारण ज्या कारखान्यात वर्षानुवर्षे एकही तक्रार नोंदली जात नाही तेथे न्याय नांदतो असे मानण्यापेक्षा तक्रार करण्याची भीती नांदते असे मानणे बहुधा अधिक खरे ठरते.

मनुष्यबळ अधिकाऱ्याचे पद भारतात कसे जन्मले हे आज फारसे आठवले जात नाही, आणि त्या विस्मरणाची किंमत कामगारांना मोजावी लागत आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरण्याचा, त्याला काम देण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार व्यवहारात जॉबर किंवा मुकादम यांच्याकडे होता. तो भरतीसाठी दस्तुरी घेई, कर्ज देई, आणि तक्रार करायची तर तीही त्याच्याच मार्फत करावी लागे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही कामगार आयोगाने, ज्याचे ना. म. जोशी हेही एक सदस्य होते, या व्यवस्थेवर उपाय म्हणून प्रत्येक मोठ्या कारखान्यात कामगार अधिकारी नेमावा, त्याने थेट व्यवस्थापकाला जबाबदार असावे आणि कामगारांची भरती त्याच्याच हातून व्हावी अशी शिफारस केली. पुढे १९३४ च्या मुंबई प्रांतातील तंटा-समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४९ ने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. म्हणजे हे पद व्यवस्थापनाची सोय म्हणून निर्माण झालेले नाही. मधल्या माणसाच्या मनमानीपासून कामगाराला सोडवावे या हेतूने ते निर्माण झाले आहे.

हा हेतू काही काळ नियमांतही स्पष्टपणे उतरला होता. कल्याण अधिकाऱ्याने कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळू नयेत आणि समेट अधिकारी किंवा न्यायालय यांच्यासमोर कामगाराच्या विरोधात व्यवस्थापनाची बाजू मांडू नये, हे तत्त्व कल्याण अधिकाऱ्यांविषयीच्या नियमांतून मांडले गेले, आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगानेही १९६९ च्या अहवालात, या अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने तंटे लढवायला लावू नये, असाच कौल दिला. व्यवहारात मात्र कल्याण, कर्मचारी प्रशासन आणि औद्योगिक संबंध ही तिन्ही कामे हळूहळू एकाच टेबलावर आली. सकाळी ज्या अधिकाऱ्याने आरोपपत्रावर सही करायची, त्यानेच दुपारी त्या कामगाराचे गाऱ्हाणे मोकळ्या मनाने ऐकावे अशी अपेक्षा केली जाऊ लागली, आणि विभागाच्या दारावरची पाटी बदलून ‘मनुष्यबळ विकास’ झाली तरी ही विसंगती दूर झाली नाही. कामगार हे बरोबर ओळखतो. तो त्या अधिकाऱ्याकडे जातो ते अर्ज देण्यासाठी. मनातले सांगण्यासाठी तो संघटनेच्या पुढाऱ्याकडे, संचालकाकडे किंवा गावातल्या वजनदार माणसाकडे जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यात या प्रश्नाला जी आणखी एक बाजू आहे ती समजण्यासाठी येथील साखरधंद्याचा इतिहास थोडक्यात पाहावा लागतो. गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांमुळे, विशेषतः १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे, जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आला, आणि उसापाठोपाठ हरिगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी येथे खासगी कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांत मालक आणि कामगार यांच्यातील रेषा स्वच्छ होती. मालक भांडवलदार, कामगार भूमिहीन किंवा अल्पभूधारक, आणि दोघांच्या मध्ये लाल बावट्याची संघटना. संगमनेर तालुक्यातील दत्ता देशमुख यांच्यासारख्या नेत्यांची कामगार चळवळीतील कामगिरी याच परिसरातून पुढे आली. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा मालकीचे स्वरूपच बदलले. ऊस पिकवणारा सभासद शेतकरी हा मालक झाला, आणि त्याच शेतकऱ्याचा मुलगा, भाऊ किंवा शेजारी त्याच कारखान्यात कामगार म्हणून लागला. संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे, अकोले, पाथर्डी अशा तालुक्यांत पुढे जे सहकारी कारखाने झाले त्यांनीही हाच नमुना पुढे नेला.

सहकारी कारखान्यातील तंटा त्यामुळे दोन बाजूंचा राहत नाही. सभासदाला उसाला जास्त भाव हवा असतो, कामगाराला पगार आणि बोनस वेळेवर हवा असतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच साखरेच्या विक्रीतून द्यायच्या असतात. त्यात संचालक मंडळ हे ठराविक मुदतीने निवडून येणारे असल्याने त्याला दोघांचीही मते आणि दोघांच्याही नातलगांची मते सांभाळायची असतात. समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा प्रत्यक्ष राहून अभ्यास केला आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कारखान्याची निवडणूक, गटबाजी आणि परिसराचे राजकारण एकमेकांत कसे मिसळलेले असते हे दाखवले. सहकाराच्या अभ्यासकांनी या ग्रंथाची जेवढी दखल घेतली तेवढी व्यवस्थापन शिकवणाऱ्यांनी घेतली नाही, ही उणीव मोठी आहे. परदेशी पाठ्यपुस्तकातून मनुष्यबळ व्यवस्थापन शिकून आलेला पदवीधर जेव्हा अशा कारखान्यात कामगार अधिकारी म्हणून रुजू होतो, तेव्हा त्याला शिकवलेली संस्था फाटकापाशी संपणारी असते. प्रत्यक्षात पाळीच्या तंट्यात भाऊबंदकीतला बांध येतो, बदलीच्या अर्जात ग्रामपंचायतीची निवडणूक येते, आणि दोन मजुरांच्या भांडणात दोन संचालकांचे फोन येतात.

हंगामी कामगाराचा प्रश्न यादृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. साखर कारखान्यात कायम आणि हंगामी असे दोन प्रकारचे कामगार असतात. गाळप साधारणतः दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर थांबते. तेवढ्या काळात मिल, बॉयलर, उत्पादन, केनयार्ड, वजनकाटा अशा सर्व खात्यांत तिन्ही पाळ्यांना माणसे लागतात. हंगामी कामगाराची नोकरी हंगाम संपताच थांबते, तुटत मात्र नाही. पुढच्या हंगामात त्याला पुन्हा बोलावले जाण्याचा हक्क सेवाज्येष्ठतेने ठरतो, आणि मधल्या काळासाठी काही वर्गांना रिटेन्शन भत्ताही मिळतो. म्हणून बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वी टाइम ऑफिसात तयार होणारी खातेवार ज्येष्ठता यादी हा हंगामी कामगाराच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद असतो. एखाद्या कामगाराचा एक हंगाम आजारपणात गेला तर त्याची ज्येष्ठता तुटली की नाही, मिल खात्यातून केनयार्डात बदली झालेल्याची तारीख जुनी धरायची की नवी, वारस म्हणून लागलेल्या मुलाचे नाव कोठे बसवायचे, या प्रश्नांची उत्तरे यादी करणाऱ्याने कोठून तरी काढलेली असतात; ती कोठून काढली हे मात्र यादीवर लिहिलेले नसते. आणि आपल्या मागचा माणूस आपल्या आधी कामावर गेलेला दिसला की, त्यामागे कितीही निर्दोष कारण असो, कामगार त्याचा एकच अर्थ लावतो.

येथे मनुष्यबळ अधिकाऱ्याला करता येण्याजोगे काम अगदी साधे आहे, आणि तेच बहुतेक वेळा होत नाही. कच्ची यादी अग्निप्रदीपनाच्या पुरेशी आधी फलकावर लावणे, हरकती लेखी घेणे आणि घेतल्याची पोच देणे, खातेप्रमुख आणि कामगार प्रतिनिधी यांच्यासमोर एकेक हरकत वाचून निकाल देणे, आणि निकालाखाली कारणाची एक ओळ लिहिणे एवढ्याने बराचसा राग तंट्याचे रूप घेण्याआधीच शमतो. हरकत फेटाळली गेली तरी कारण कळलेला माणूस आणि कारण न कळलेला माणूस यांच्या वागण्यात फार अंतर असते. परंतु कारण लिहायचे तर ते लिहिण्याजोगे असावे लागते, आणि शिफारशीवरून मागेपुढे केलेल्या नावासाठी तसे कारण सापडत नाही. यादी उघड ठेवण्याला होणारा विरोध बहुधा येथूनच येतो. अशा वेळी यादीत बदल करायला सांगणाऱ्या वरिष्ठाला ‘हे लेखी द्यावे’ असे म्हणण्याची ताकद त्या अधिकाऱ्याच्या पदात असली पाहिजे.

व्यवस्थापनशास्त्रात संघर्षाचा विधायक विचार प्रथम स्पष्टपणे मांडणाऱ्यांत अमेरिकेतील मेरी पार्कर फॉलेट या विदुषीचे नाव येते. १९२५ साली न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी मतभेद मिटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या : वर्चस्व, म्हणजे एका बाजूने दुसरीवर आपला निर्णय लादणे, तडजोड, म्हणजे दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि संयोजन, म्हणजे दोघांच्या मागणीमागची खरी गरज शोधून ती पुरी होईल असा तिसरा मार्ग काढणे. साखर कारखान्यात ही मांडणी डबल पाळीच्या तंट्याला नेमकी लागू पडते. बॉयलर किंवा मिलवरचा कामगार आपली आठ तासांची पाळी संपली तरी बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडू शकत नाही. बदली माणूस आला नाही की त्याला पुढची पाळीही ओढावी लागते, आणि महिन्यात हे अनेकदा घडले की थकलेला कामगार, न आलेला कामगार आणि दोघांवर चिडलेला फोरमन असा तिघांचा तंटा उभा राहतो. फोरमनने हुकूम सोडणे हे वर्चस्व. उरलेल्या पाळीचे चार-चार तास दोघांत वाटणे ही तडजोड. संयोजनासाठी मात्र न येणारा माणूस का येत नाही हे विचारावे लागते. तो स्वतः ऊस उत्पादक असेल आणि त्याच्या शेतात तोड लागली असेल, तर त्या दोन-तीन दिवसांत तो शेत सोडून येणार नाही, मग त्याला कितीही मेमो द्या. तोडीचा कार्यक्रम कारखान्याच्याच शेतकी विभागात आधीपासून लिहिलेला असतो. तो पाळीपत्रक करणाऱ्याच्या हाती वेळेवर पडला तर त्या दिवसांची अदलाबदल आधीच करून ठेवता येते. शेतकी विभाग आणि टाइम ऑफिस यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, आणि दोन्ही दप्तरे एकत्र वाचू शकणारा माणूस कारखान्यात मनुष्यबळ अधिकाऱ्यावाचून दुसरा नसतो.

कायद्यानेही या अधिकाऱ्यासाठी एक जागा राखून ठेवली होती. महाराष्ट्रातील साखर उद्योगाला दीर्घकाळ लागू राहिलेल्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ या कायद्याखाली बडतर्फी किंवा तत्सम आदेशाविरुद्ध कामगार न्यायालयात जाण्यापूर्वी कामगाराने मालकाकडे लेखी मागणी करणे बंधनकारक होते. या अर्जाला व्यवहारात ‘ॲप्रोच लेटर’ म्हणतात. न्यायालयाच्या पायरीवर जाण्याआधी दोघांनी एकदा समोरासमोर बसावे हा या तरतुदीचा हेतू होता. प्रत्यक्षात हे पत्र वकिलाच्या सल्ल्याने लिहिले जाई, आवक-जावक नोंदवहीत चढे आणि मुदत उलटून जाई. बैठक होत नसे, उत्तरही जात नसे. त्यानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यात कारखान्याचा वकिलावर होणारा खर्च आणि शेवटी द्यावी लागणारी मागील पगाराची रक्कम पाहिली, तर त्या एका पत्रावर झालेल्या हलगर्जीचे मोल लक्षात येते.

त्याच कायद्याची दुसरी तरतूद अधिक गंभीर परिणाम करणारी ठरली. एका उद्योगात, एका स्थानिक क्षेत्रात एकच संघटना ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्य करायची आणि वाटाघाटी तिच्याशीच करायच्या, ही ती तरतूद. स्थैर्याच्या दृष्टीने तिचे समर्थन करता येते. पण १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तेव्हा बोनस आणि पगार यांच्याइतकाच ज्वलंत प्रश्न हाच होता की कामगारांचा विश्वास एका संघटनेवर आणि कायद्याची मान्यता दुसरीला. त्या संपाचा शेवट गिरणगावाच्या उद्ध्वस्ततेत झाला आणि त्याची कारणे अनेक आहेत, त्यांत भांडवलाचे आणि जमिनीचे हिशोबही आहेत. परंतु मनुष्यबळ विभागाच्या दृष्टीने त्यातून निघणारा बोध दुर्लक्षिण्यासारखा नाही. मान्यताप्राप्त संघटनेशी करार करणे हे कायद्याचे काम झाले. कारखान्यात काय धुमसते आहे हे केवळ त्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांकडून कळते अशी समजूत करून घेणारा विभाग काही काळाने बहिरा होतो. ज्या कारखान्यांत कामगार संघटनेची सूत्रे संचालक मंडळातील गटाच्याच हाती असतात तेथे तर ही दोन्ही दारे एकाच खोलीत उघडतात, आणि तिसरे दार उघडे ठेवण्याची जबाबदारी मनुष्यबळ अधिकाऱ्यावर येते.

खातेनिहाय चौकशीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. आरोपपत्र नेमके असावे, कामगाराला उत्तराची व साक्षीपुराव्याची संधी मिळावी आणि आरोप करणाऱ्याने न्यायनिवाडा करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे नियम सर्वपरिचित आहेत. निलंबन काळात पहिले ९० दिवस निम्मा आणि विलंब कामगारामुळे झालेला नसल्यास पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता स्थायी आदेशांच्या कायद्याने दिला होता. तरीही चौकशी रेंगाळते, कारण ती रेंगाळणे हीच शिक्षा म्हणून वापरली जाते, आणि ही पद्धत थांबवणे हे मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या सचोटीचे काम आहे.

आतापर्यंतचे विवेचन हजेरीपटावर नाव असलेल्या कामगारांचे झाले. या जिल्ह्याच्या साखरेमागे ज्यांचे कष्ट सर्वांत अधिक आहेत त्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नसते. पाथर्डी, शेवगाव हे तालुके आणि शेजारचा बीड जिल्हा येथून ऊसतोड मजूर हंगामासाठी निघतात; नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असा हिशोब असतो, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत फडातून उठता येत नाही. मुकादमाचा करार वाहतूकदाराशी किंवा कारखान्याशी असतो; मजुराचा करार कोणाशीच लेखी नसतो. व्हिटली आयोगाने गिरणीतील ज्या मुकादमी पद्धतीवर बोट ठेवले तीच पद्धत जवळजवळ एका शतकानंतरही उसाच्या फडात उभी आहे. भरतीही मुकादमच करतो, कर्जही तोच देतो, गाऱ्हाणेही त्याच्याच कानावर घालायचे. उचलीच्या हिशोबावरून मारहाण होते, आजारी बाईला दिवस बुडाला म्हणून खाडा लावला जातो, आणि कारखान्याचा मनुष्यबळ विभाग यातील काहीच जाणत नाही, कारण कागदोपत्री ही माणसे त्याची नाहीत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्याने स्थापन केले हे योग्यच झाले. परंतु महामंडळ योजना देऊ शकते, फडातील रोजचा तंटा ऐकण्यासाठी कारखान्याच्या तळावर माणूस लागतो. शेतकी विभागाच्या गटकार्यालयात बसणारा, मुकादमाला न विचारता मजुराला ज्याच्याशी बोलता येईल असा, आणि शक्यतो स्त्री असलेला कर्मचारी नेमणे कोणत्याही कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

अहिल्यानगर शहरात आणि संगमनेरात घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांचेही असेच आहे. पान-तंबाखू किती मिळाली आणि वळून आणलेल्या विड्यांतून किती ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या, यांवर त्यांची मजुरी ठरते. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने कच्चा माल, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांविषयीचे तंटे त्वरित मिटवण्याची तरतूद मुद्दाम केली होती, म्हणजे कायदा करणाऱ्यांना हा तंटा नेमका कोठे होतो ते माहीत होते. पण विडी मोजणारा आणि छाट काढणारा माणूस एकच असतो, आणि त्याच्या वर दाद मागायला घरी बसून काम करणाऱ्या बाईला कार्यालयच नसते.

नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहतींत चित्र वेगळे असले तरी प्रश्नाची जात तीच आहे. तेथे एकाच यंत्रावर कायम कामगार, ठेकेदाराचा कामगार आणि शिकाऊ उमेदवार शेजारी शेजारी काम करतात, आणि तिघांचे पगार, रजा आणि उपाहारगृहाचे दर वेगळे असू शकतात. त्यांच्यातील कुरबुर ही स्वभावातून आलेली नसते; ती रचनेतून आलेली असते, आणि अशा ठिकाणी संवादकौशल्याची शिबिरे भरवणारा विभाग रोगाकडे पाठ फिरवून औषध देतो. स्त्री कर्मचाऱ्यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या अधिनियमाने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य आणि एक बाहेरचा सदस्य बंधनकारक केला. बाहेरच्या सदस्याची ही तरतूद फार मोलाची आहे, कारण संस्थेच्या पगारावर नसलेला एक माणूस आत बसल्याशिवाय न्याय होणे कठीण, हे कायद्याने येथे उघडपणे मान्य केले. इतर तंट्यांसाठीही ते मान्य करण्यास हरकत नसावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही कामगार संहिता अंमलात आल्या. त्यांतील औद्योगिक संबंध संहितेने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती आवश्यक ठरवली आहे. तिच्यात दोन्ही बाजूंचे समान आणि एकूण दहापर्यंत सदस्य असतात, स्त्रियांना पुरेसे प्रतिनिधित्व द्यावे लागते, आणि तिने ३० दिवसांत काम पूर्ण करायचे असते. व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्यासाठी कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आणली. याच संहितांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत, विशेषतः संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सर्वच आस्थापनांना लागू करण्याविषयी, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. संपाची वाट जेवढी अरुंद होईल तेवढा कारखान्याच्या आतील तक्रारीच्या वाटेवरचा भार वाढेल, आणि ती वाट केवळ कागदावर असेल तर राग कोणत्या वाटेने बाहेर पडेल हे सांगता येत नाही.

सहकारी कारखान्याला यासाठी सरकारी नियमांची वाट पाहण्याचे कारण नाही. कामगार अधिकाऱ्याची नेमणूक, बदली आणि बडतर्फी संचालक मंडळाच्या ठरावाने आणि कामगार प्रतिनिधींचे म्हणणे लेखी नोंदवूनच व्हावी, त्याच्याकडे शिस्तभंगाचे काम नसावे व ते प्रशासनातील दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असावे, आणि वर्षभरातील तक्रारी व त्यांचे निकाल यांचा गोषवारा, नावे वगळून, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात छापला जावा, एवढे पोटनियमांत आणि सेवानियमांत घालता येते. सभासदाला आपल्या कारखान्याचा साखर उतारा किती आणि कर्ज किती हे अहवालात वाचायला मिळते. आपल्या कारखान्यात किती माणसांनी दाद मागितली आणि किती जणांना उत्तर मिळाले हेही वाचण्याचा त्याला हक्क आहे. जिल्ह्यातील समाजकार्य आणि व्यवस्थापन यांच्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी कारखान्याच्या टाइम ऑफिसात आणि ऊसतोड मजुरांच्या तळावर एक संपूर्ण हंगाम पाठवले, तर या पदावर पुढे येणारी पिढी हजेरीपट, तोडीचा कार्यक्रम आणि उचलीचा हिशोब असे तिन्ही कागद वाचायला शिकलेली असेल. पुढील हंगामाची हंगामी कामगारांची कच्ची यादी अग्निप्रदीपनाच्या किमान एक महिना आधी फलकावर लावणे आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला सहीनिशी लेखी उत्तर देणे, हे काम तर कोणताही ठराव न करता याच वर्षी सुरू करता येण्यासारखे आहे.